पोरं सांभाळायला कॉलेज कशाला?

*ताई,*
*मी पारोळा तालुक्यातल्या एका गावातून रोज एस.टी.ने कॉलेजला जाते. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला 'बालशिक्षणाची तोंडओळख' हा विषय घेतलाय. काका म्हणतात, पोरं सांभाळायला कॉलेज कशाला, ते तुझी आजीही करते. त्यापेक्षा टॅली शिक. मॅडमनी आम्हाला गावच्या अंगणवाडीत बारा तास बसून एका मुलाचं निरीक्षण लिहायला सांगितलंय. मी तीन तास बसून लिहिलं, तर 'हे निरीक्षण नाही, निकाल आहे' असा शेरा मारून त्यांनी वही परत दिली. ते पान सोबत पाठवते. पुस्तकात फ्रोबेल आणि माँटेसरी, अंगणवाडीत खिचडी, वजनकाटा आणि रजिस्टर. दोन्हींचा काही मेळ लागत नाही. पोरं सगळी अहिराणी बोलतात. मीही घरी अहिराणीच बोलते, पण तिथे बोलायची लाज वाटली. पालक मलाच विचारतात, एबीसीडी कधी शिकवणार? विषय बदलायला पंधरा दिवस आहेत. काय करू?*
*ता. क. उरलेल्या तासांना जाताना मुलांसाठी काय नेऊ?*
*– एक विद्यार्थिनी*

तू मला ताई म्हणालीस, तेव्हा मी अगं-तुगंच करते.

विषय बदलू नकोस. दिवस थोडे आहेत म्हणून हे आधीच सांगून टाकलं. तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुझ्या मॅडमचं आहे. असा शेरा मारणारी शिक्षिका मिळाली असेल तर त्यांचा एकही तास बुडवू नकोस. मला हे वाक्य फार उशिरा ऐकायला मिळालं आणि त्याची किंमत एका लहान पोराने मोजली.

मी नवी होते तेव्हाची गोष्ट. तापीकाठच्या एका गावातल्या बालवाडीत चार वर्षांचा एक मुलगा होता. पहिल्याच आठवड्यात मी वहीत त्याच्यापुढे एक शब्द लिहिला: मारकुटा. तो शब्द मी त्याच्या आईला सांगितला, आईने बापाला, आणि बापाने त्याला घरी चोपलं. पोरगा जास्तच मारायला लागला. आम्हाला प्रशिक्षण देणाऱ्या बाई एकदा भेटीला आल्या. त्यांनी विचारलं, कधी मारतो? मला सांगता येईना. कुणाला मारतो? तेही येईना. त्या म्हणाल्या, तीन दिवस घड्याळ बघून लिही, बाकी काही करू नको. तीन दिवसांत त्याने सात वेळा हात उचलला होता, आणि त्यातले सहा प्रसंग जेवणाआधीचे, हात धुवायच्या जागेवरचे. २८ पोरं, एक बादली, एक मग. हा अंगाने बारका, प्रत्येक वेळी मागे रेटला जायचा, आणि मग हात चालवायचा. मी दुसरी बादली आणली, दोन मग वाढवले, चार-चार जणांना सोडायला लागले. आठवड्याभरात 'मारकुटा' खोडायची वेळ माझ्यावर आली. त्याच्या घरातून मात्र तो शब्द वर्षभर गेला नाही. तो मीच तिथे पोचवला होता, हे मला अजून टोचतं.

हा जो फरक आहे ना, 'मारतो' आणि 'कधी, कुठे, कुणाला, त्याआधी काय झालं' यांतला, तो शिकायला कॉलेज लागतं. काकांना तू हेच सांग. काका अर्धे बरोबर आहेत. आजीला पुष्कळ येतं. पोराने चतकोर भाकरी बघून भोकाड पसरलं की आजी तोच तुकडा मोडून दोन करते, "घे, आता दोन झाल्या", आणि पोर हसत खायला लागतं. भाकरी तेवढीच, पण पोराला जास्त मिळाल्यासारखी वाटते. स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर अशाच गोष्टी तपासल्या: उभट पेल्यात ओतलेलं पाणी मुलाला जास्त का वाटतं, पसरून ठेवलेल्या वस्तू जास्त का वाटतात. साधारण दोन ते सात या वयाला त्याने क्रियापूर्व अवस्था म्हटलं, म्हणजे मनातल्या मनात उलटसुलट विचार करता येण्याआधीची. त्याच्यानंतरच्या अभ्यासकांनी हेही दाखवलं की तोच प्रश्न ओळखीच्या प्रसंगात, खेळाच्या ओघात विचारला तर मुलांना पियाजेला वाटलं त्याहून जास्त कळत असतं. आजीला काय करायचं ते ठाऊक आहे. असं का होतं, हे तिला कधी कुणी विचारलं नाही. आणि आजीच्या पुढ्यात तिच्याच घरची चार नातवंडं होती. तुझ्यापुढे पंचवीस घरांतली पंचवीस असतील, प्रत्येकाच्या घरची रीत वेगळी.

आता तुझं वहीचं पान. तू लिहिलंस: "मुलगी लाजाळू आहे. कुणाशी खेळत नाही. नुसती बघत बसते." तीन वाक्यं आणि तिन्ही निकाल. पण त्याच पानाच्या मागे तू पेन्सिलीने घाईघाईत काही खरडलंयस, बहुतेक स्वतःच्या आठवणीसाठी. ते मी जुळवून लिहिते:

"वय ३ वर्षं ७ महिने. १०.४०: भिंतीला पाठ लावून बसली. समोर तीन मुली चूल मांडून खेळत होत्या, त्यांच्याकडे पाहत होती. एकीचं झाकण घरंगळलं तेव्हा हसली. १०.४६: दोन्ही तळवे एकमेकांवर थापले, त्या मुली भाकरी थापत होत्या तसे. १०.५२: बसल्या बसल्या हातभर पुढे सरकली."

बघ, हे सगळं तूच पाहिलं होतंस! कच्चं म्हणून मागच्या बाजूला टाकलंस आणि पुढे निकाल लिहून दिलास. निरीक्षण मागच्याच बाजूला होतं. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन अभ्यासिकेने १९३२ साली मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले: एकट्याचा खेळ, शेजारी शेजारी बसून आपापला खेळ, एकमेकांत मिसळून खेळ, ठरवून मिळून खेळ. त्यात तिने नुसतं पाहत बसणं हाही वेगळा प्रकार मोजला. तुझी मुलगी त्या खेळाच्या कडेला बसली होती, शिकत होती, आणि बारा मिनिटांत हातभर आत आली होती. पुढचे नऊ तास हिच्याकडेच बघ. ती त्या चुलीपर्यंत कधी पोचते, कशी पोचते, कुणी तिला बोलावतं का, की ती आपणहून एखादी वाटी घेऊन जाते, एवढं जरी लिहिलंस तरी तुझं काम उत्तम होईल.

लिहिताना दोन-तीन गोष्टी पाळ. मुलीचं खरं नाव वहीत नको, एखादी खूण ठेव. मोबाईलवर व्हिडिओ काढू नकोस, फोटो तर स्टेटसला मुळीच नाही. लेकरू दुसऱ्याचं आहे. आणि पहिल्या दिवशी गेल्या गेल्या वही उघडू नकोस. आधी पोरांत मांडी घालून बस. त्यांना तुझी सवय झाली की ती तुला विसरतील, मग लिही. आणि मुलं जे बोलतील ते जसंच्या तसं लिही, अहिराणीत.

त्या लाजेबद्दल मला जरा जास्त बोलायचंय.

पोरगं म्हणतं, "माले भूक लागनी." आपण म्हणतो, "असं नाही, मला भूक लागली म्हण." पोर भुकेलं आहे आणि आपण त्याला व्याकरण वाढतोय! असं चार वेळा झालं की ते भूक लागली तरी बोलत नाही. त्यापेक्षा म्हण, "भूक लागनी का? चाल मग, हात धुऊ. मला पण भूक लागली." दोन्ही भाषा शेजारी शेजारी बसल्या, कुणाला उठवावं लागलं नाही. मूल 'डोया' म्हणतं, 'शाया' म्हणतं, त्यात त्याची जीभ जड नसते. अहिराणीत 'ळ'च्या जागी 'य' येतो, एवढंच. ते पोर आपल्या घरच्या भाषेचा नियम अगदी चोख पाळत असतं. आधी 'डोया' मनापासून ऐकून घे, 'डोळा' वर्षभरात आपोआप कानावर पडून येईल. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय. पण धोरणाला अहिराणी बोलता येत नाही, तुला येते. बाहेरून आलेल्या, चांगलं शिकलेल्या बाईला जे कमवायला दोन वर्षं लागतील ते तू घरून घेऊन आलीस. तुझ्या पदवीच्या कागदावर ज्या विद्यापीठाचं नाव असेल, त्याला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं. त्या आसोद्याच्या, कधी शाळेत न गेलेल्या, आणि त्यांची सगळी कविता घरच्या बोलीत. त्या नावाच्या विद्यापीठात शिकणाऱ्या पोरीने अंगणवाडीत आपली बोली लपवावी, हे मला बघवत नाही.

(नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडे तुला नोकरी लागली तर मात्र तुला पहिलीपासून सुरुवात करावी लागेल. तिथे पावरी बोली, नवापूरकडे मावची. तेव्हा पोरांना तुझे गुरू कर.)

एबीसीडीचं आता. पालकांवर रागावू नकोस. त्यांच्यातल्या कित्येकांची शाळा कापूस वेचणीच्या हंगामात सुटली ती सुटलीच. अक्षर हेच त्यांना सुटकेचं दार वाटतं आणि ते चुकीचं नाही. चूक फक्त वयाची आहे. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती मऊ कूर्चेची असतात आणि एकेक करून बरीच वर्षं घट्ट होत जातात. तीन वर्षांच्या हाताला दोन रेघांत अक्षर बसवायला लावलं की तो दुखतो, मूल पेन्सिल टाकतं, आणि आपण म्हणतो अभ्यासाची आवड नाही. त्या हाताला आधी कणकेचे गोळे हवेत, ओलं फडकं पिळणं हवं, पोळ्याच्या वेळी मातीचे बैल हवेत, मोठ्यांच्या नजरेखाली चवळीच्या शेंगा सोलणं हवं.

पण अक्षराची खरी तयारी हातातही होत नाही, ती खेळात होते. तू हे पाहिलं असशील. श्रावणात आपल्या खानदेशात कानबाई देवी येऊन गेली की पोरं ओसरीवर आपली कानबाई बसवतात. एक दगड, त्याला रुमालाचं लुगडं, बाभळीच्या काट्याची नथ. कुणी त्या दगडाला पाय लावला तर दुसरं पोर खरोखर चिडतं. त्या पोराला तो दगड आहे हे माहीत आहे, आणि ती कानबाई आहे हेही माहीत आहे. एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या जागी उभी राहू शकते, हे त्याने कुणी न शिकवता पकडलंय. रशियाच्या लेव विगोत्स्की या मानसशास्त्रज्ञाने काठीच्या घोड्याचं उदाहरण देऊन हेच सांगितलं: काठीवर बसून दौडणारं मूल वस्तूपासून तिचा अर्थ वेगळा काढायला शिकत असतं. आता 'क' बघ. कागदावरच्या चार रेघा. त्या रेघांच्या जागी एक आवाज उभा आहे, असं सगळ्यांनी मानायचं ठरवलंय. दगडाला कानबाई मानणारं पोर त्या रेघांना आवाज मानायला तयार झालेलं असतं. ज्याला भरपूर खेळायला मिळालं नाही त्याला 'क' गिरवता येतो, पण तो 'क' मुका राहतो. मी पहिलीच्या वर्गात अशी मुलं पाहिली आहेत: वही सुरेख, वाचायला सांगितलं की डोळे खाली.

पालकांना पियाजे-विगोत्स्की सांगू नकोस. दोघा-तिघा आयांना अर्धा तास अंगणवाडीत बसव आणि त्यांच्यादेखत पोरांना लाह्या वाटायला लाव. प्रत्येकाच्या वाटीत पाच. पोरं मोजतील, चुकतील, भांडतील, परत मोजतील. मग आयांकडे बघ, बोलायची गरज पडणार नाही.

पुस्तक आणि अंगणवाडी यांचा मेळ लागत नाही म्हणतेस, तर एक धागा धरून चाल. फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीत लहान मुलांची शाळा काढली, पुढे तिला 'किंडरगार्टन', मुलांची बाग, असं नाव दिलं. मारिया माँटेसरी डॉक्टर होत्या. ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी रोमच्या सॅन लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह उघडलं ते मजुरांच्या मुलांसाठी, ज्यांचे आईबाप कामावर गेले की पोरं जिन्यांतून हुंदडायची. आपल्याकडे भरपूर फी घेणाऱ्या शाळांच्या पाटीवर ते नाव दिसतं म्हणून ती श्रीमंतांची पद्धत वाटते. तिची सुरुवात तुझ्या अंगणवाडीसारख्याच पोरांपासून झाली. १९२० साली भावनगरला गिजुभाई बधेकांनी वकिली सोडून बालमंदिर चालवलं. ताराबाई मोडक राजकोटची प्राचार्यपदाची नोकरी सोडून त्यांना जाऊन मिळाल्या. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम उभं केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. अनुताई बालविधवा, हिमतीने शिकलेल्या. १९५७ साली दोघी डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारल्यांची पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेली. आधी पोरांना आंघोळी घातल्या. विकतची साधनं परवडत नव्हती, तर शिंपले, बिया, खडे, पानं यांची साधनं केली. अंगणवाडी हा शब्द त्या अंगणातून आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला, तुझ्या गावाच्या भिंतीपर्यंत.

म्हणजे पुस्तकातल्या त्या बाई आणि तुझ्या गावातल्या सेविकाताई एकाच घराण्यातल्या आहेत. फरक एवढाच की योजनेत सहा सेवा आहेत आणि पूर्वप्राथमिक शिक्षण त्यातली एक. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे आजारी मुलाला पुढच्या दवाखान्यात पाठवणं), आरोग्य-आहाराचं शिक्षण, शिवाय मोबाईलवरच्या नोंदी, हे सगळं एका सेविकेच्या आणि एका मदतनीस ताईंच्या डोक्यावर. बालशिक्षणाचा अभ्यासक्रम त्यांच्याकडे असतो. तो उघडून निवांत अर्धा तास बसायला मिळणं हीच अडचण. तू तिथे परीक्षक म्हणून बसू नकोस. ताई वजनं घेत असतील तेव्हा तू पोरांना गोष्ट सांग. त्यांचा अर्धा तास मोकळा होईल. आणि त्यांना विचार, की ही भिंतीकडेची मुलगी घरी कशी असते? त्या तिच्या आईचं बाळंतपण सुद्धा सांगतील. पुस्तकात कुटुंबाशी नातं असं एक प्रकरण असेल, ते त्यांच्याकडून शिक.

नोकरीचं खरं सांगते, खोटी आशा दाखवत नाही. या एका विषयावर नोकरी मिळत नाही, तो उंबरठा आहे. अंगणवाडी सेविकेला बारावी लागते, ती त्याच गावची असावी लागते, आणि मिळतं ते मानधन, पगार नव्हे. कामाच्या मानाने ते फार कमी आहे, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. पर्यवेक्षिकेला पदवी लागते, ती तुझी होतेच आहे. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बारावीनंतरचं दोन वर्षांचं डी.एल.एड. (शिक्षक पदविका) आणि वर टी.ई.टी. (शिक्षक पात्रता परीक्षा). आता नव्या धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे अंगणवाडीची तीन आणि पहिली-दुसरीची दोन वर्षं मिळून पाच. या वयाचं पोर ज्याला समजतं अशा माणसाची गरज त्यामुळे पहिलीच्या वर्गातही पडणार. काकांचा टॅलीचा सल्ला वाईट नाही. तो सुट्टीत कर. घरात एक जास्तीचं कौशल्य असलं तर तुझीच बाजू भक्कम होईल आणि काकांचाही मान राहील.

आता ताज्या कलमाचं. विकतचं काही नेऊ नकोस; तुझ्या हातातल्या नव्या खेळण्याकडे सगळी पोरं धावतील आणि तुला जे पाहायचंय ते दिसणार नाही. घरातल्या जुन्या डब्यांची मोठी झाकणं ने, आठ-दहा. धुतलेल्या जुन्या लुगड्याचे दोन तुकडे, एक रिकामं सूप, कणकेचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून. शेंगदाणे, हरभरे, मणी, बटणं नकोत. तीन वर्षांचं पोर ते नाकात घालतं, गिळतं. झाकण घेताना स्वतःच्या मुठीशी ताडून बघ, मुठीपेक्षा मोठं असेल तेच पिशवीत टाक. आणि ही सगळी झाकणं चुलीजवळ ठेवू नकोस. दोन-तीन त्या भिंतीकडेच्या मुलीच्या जवळ, तिला हात लांब करावा लागेल इतक्या अंतरावर ठेव, आणि घड्याळ बघ.